लूम शेडचे मीटर आपोआप कसे वाचायचे? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

टॉवेलवाला (धागाकर्ता), सोमवार रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. दोन लूम शेड, मागे सूत रंगवायचं डाइंग, वरच्या मजल्यावर शिलाई-पॅकिंग आणि ऑफिस. चौघांना वेगळे सब-मीटर आणि मेनवर आपला स्वतःचा एक, असे एकूण पाच. रोज सकाळी आठला आमचे जॉबर (लूमची देखभाल बघणारे) मामा वही घेऊन पाचही पॅनेलपुढून फिरतात आणि युनिट उतरवून घेतात. सुट्टीच्या दिवशी वही कोरी. शिवाय मामांचा १ आणि ९ ओळखायला त्यांनाच बोलवावं लागतं.

इतके दिवस चाललं. पण गेल्या सहा महिन्यांत तिसऱ्यांदा बिलावर मॅक्झिमम डिमांड मंजुरीच्या वर गेली. मंजूर ६० केव्हीए, नोंद झाली ७१. जादा डिमांडला दीडपट दर लागतो, त्यामुळे वडील तापलेत. ही ७१ कधी झाली, कशाने झाली, ते वहीतून कळत नाही. माझा अंदाज असा की लाइट जाऊन परत आली की सगळे लूम एकदम सुरू होतात, त्याचा तो झटका असणार.

मीटरच्या मागे ए आणि बी अशी दोन टर्मिनल आहेत. ज्याच्याकडून मीटर घेतले तो म्हणतो सॉफ्टवेअर घ्या, दरवर्षी पैसे भरा. मला कामापुरतं पायथन येतं, घरी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) पडून आहे. हे स्वतः करता येईल का?

जुळे_सोलापूरकर, सोमवार रात्री ११.०५

येतंय की बे, का नाही येणार. पण मामांना आधी विचारा. वही काढून घेतली तर मीटरपेक्षा मामा जास्त तापतील.

रजिस्टर४०००१, सोमवार रात्री ११.४०

ए आणि बी म्हणजे आरएस ४८५ (दोन वायरींवरून माहिती पाठवायची पद्धत), आणि त्यावर मीटर बहुतेक मोडबस आरटीयू ही भाषा बोलत असणार. मोडबस १९७९ सालची आहे, मोडिकॉन कंपनीने पीएलसीसाठी (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या संगणकांसाठी) काढलेली. जुनी आणि अगदी साधी. तुम्ही विचारायचं, 'तीन नंबर, अमुक रजिस्टरात (आकडा ठेवायच्या कप्प्यात) काय आहे?' मीटर सांगतो. आपणहून तो कधीच काही बोलत नाही.

लागेल ते एवढंच: यूएसबीला लावायचा आरएस ४८५ कन्व्हर्टर, पिळाची शील्डेड केबल आणि मीटरच्या पुस्तिकेतलं रजिस्टरांचं कोष्टक. कोष्टकाशिवाय वायर ओढायलाही घेऊ नका. विक्रेता देत नसेल तर मीटरच्या मॉडेल नंबरावरून शोधा, बहुतेकांचं मिळतं.

केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी माळेसारखी न्या. मधूनच फांद्या काढू नका. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. प्रत्येक मीटरला वेगळा पत्ता द्या, कारण नवे मीटर बहुतेक सगळे १ नंबर घेऊनच येतात. पाचही एकदम 'हजर' म्हणाले की ओळीवर नुसता गोंधळ. बॉड रेट (बोलण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक पकडायची खूण) सगळ्यांची एकच ठेवा. ए-बी उलटे झाले तरी काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. आणि कोणत्या टर्मिनलला ए म्हणायचं यावर कंपन्यांचं आपसातच एकमत नाही, त्यामुळे अडलात तर आधी दोन वायरी अदलाबदल करून बघा.

तीनफेज, मंगळवार सकाळी ६.१५

टॉवेलवाला, तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून अरेतुरे करतो. चाळीस वर्षं पॅनेलच बांधले, त्यातले निम्मे त्याच एमआयडीसीत.

पहिलं म्हणजे झटक्याचा अंदाज डोक्यातून काढ. बिलातली डिमांड क्षणाची नसते. सलग तीस मिनिटांत जितके केव्हीएएच (केव्हीए-तास) गेले त्याची दुप्पट, आणि महिनाभरातल्या अशा तुकड्यांत जो सगळ्यात मोठा तो बिलावर येतो. लूमच्या मोटरने सुरू होताना सहापट करंट पाच सेकंद घेतला असं धर. अठराशे सेकंदांच्या सरासरीत तो दीड टक्कासुद्धा वाढवत नाही. तुझी ७१ झाली आहे ती अर्धा तास काहीतरी जोडीने चालल्यामुळे. ते काय, हे शोधायला यंत्र लाव, माझी हरकत नाही.

दुसरं, सीटीच्या (मीटरसाठी करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) वायरींना हात लावायच्या आधी शेड बंद कर. चालू लोडवर सीटीची सेकंडरी उघडी पडली तर टोकांवर जीव घेण्याइतका व्होल्टेज चढतो. बंद करणं शक्यच नसेल तर शॉर्टिंग लिंक (सीटीची दोन्ही टोकं जोडणारी पट्टी) टाकल्याशिवाय वायर सोडायची नाही, आणि ते काम लायसन्सवाल्या माणसाचं आहे, तुझं नाही. आणि वीज कंपनीच्या मीटरच्या सीलकडे बघायचंसुद्धा नाही. आपलं जे काही असेल ते आपल्या सब-मीटरवर.

टॉवेलवाला, शनिवार रात्री ९.३०

काका, डोळे उघडले. धन्यवाद.

केबल टाकली, पाचांना १ ते ५ पत्ते दिले. मीटर बोलायला लागले पण आकडे अगम्य. शेड एकच्या मीटरवर आर फेजला २३६.५ व्होल्ट दिसतात आणि माझ्या स्क्रीनवर १७२६० आणि ३२७६८ असे दोन आकडे येतात. दोघांचा काही मेळ लागत नाही. भागून, गुणून, सगळं करून झालं.

रजिस्टर४०००१, शनिवार रात्री ९.५०

अहो, बरोबर आले आहेत! मोडबसचं एक रजिस्टर १६ बिटांचं. दशांश अपूर्णांक ३२ बिटांत बसतो, म्हणून मीटर त्याचे दोन तुकडे करून दोन रजिस्टरांत ठेवतो. १७२६० हा वरचा तुकडा, ३२७६८ खालचा. जोडून फ्लोट म्हणून वाचा, नेमके २३६.५ येतील. काही मीटर खालचा तुकडा आधी पाठवतात. मग तेच दोन आकडे उलटे जोडले जातात आणि स्क्रीनवर उणे शून्य दिसतं. तुम्हाला कधी '-०.०' दिसलं तर मीटर बिघडला नाही, क्रम उलटा आहे.

आणखी एक खड्डा. पुस्तिकेत ३०००१ किंवा ४०००१ असे पत्ते असतात. पायथनच्या लायब्रऱ्या शून्यापासून मोजतात, म्हणजे ३०००१ मागायचा तर पत्ता ० द्यायचा. ३ ने सुरू होणारे फंक्शन ४ ने वाचायचे, ४ ने सुरू होणारे फंक्शन ३ ने. हे उलटसुलट कुणी ठरवलं देव जाणे. माझं सदस्यनाव त्याच रागातून आलंय.

रॅकवाला, रविवार सकाळी ११.२०

धाग्यात घुसतो. मी इथल्याच एका संस्थेत सर्व्हर रूम बघतो. दोन खोल्या, १४ नेटवर्कवाले पीडीयू (रॅकमधल्या मशीनना वीज वाटणाऱ्या पट्ट्या), दोन यूपीएस. साहेबांना दर महिन्याला रॅकनिहाय वापर हवा असतो. सध्या एकेका पीडीयूच्या वेबपेजवर लॉगिन करून आकडा एक्सेलमध्ये टाकतो. ॲन्सिबलने (अनेक मशीनवरची कामं आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरने) होईल का? स्विचची कामं त्यातूनच करतो.

रजिस्टर४०००१, रविवार दुपारी १२.१०

महिन्याच्या किंवा रोजच्या आकड्यासाठी हो. पीडीयूच्या आत पायथन नसतं, त्यामुळे प्लेबुकचं (ॲन्सिबलच्या कामांच्या यादीचं) काम तुमच्या कंट्रोलरवरच चालवायचं आणि तिथून एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या यंत्रांना आकडे विचारायच्या पद्धतीने) एकेका पीडीयूला विचारायचं. इन्व्हेंटरीत (मशीनच्या यादीत) १४ नावं, पासवर्ड व्हॉल्टमध्ये (कुलूपबंद फाइलमध्ये), उत्तर सीएसव्हीत, क्रॉनने (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीने) रात्री एकदा. दर मिनिटाला हवं असेल तर मात्र ॲन्सिबल नको. दर वेळी सगळा संसार मांडून पुन्हा आवरायचा ही त्याची पद्धत, आणि एवढ्याशा प्रश्नासाठी ते फार होतं. तिथे टेलिग्राफसारखा सतत चालू राहणारा एजंट बसवा. त्याला एसएनएमपी आणि मोडबस दोन्ही येतात, म्हणजे टॉवेलवाल्यांचंही काम होईल. टेलिग्राफची कॉन्फिग फाइल मशीनवर पोचवायचं काम हवं तर ॲन्सिबलला द्या.

यूपीएससाठी १९९४ चं आरएफसी १६२८ (इंटरनेटवरचा मानक दस्तऐवज) बघा. त्यातलं आकड्यांच्या पत्त्यांचं सगळं झाड १.३.६.१.२.१.३३ खाली आहे. आउटपुटचे वॉट १.३.६.१.२.१.३३.१.४.४.१.४ वर, शेवटी लाइनचा नंबर. बहुतेक नेटवर्क कार्डं हे पाळतात. पीडीयूचं तसं नाही, प्रत्येक कंपनीची फांदी वेगळी. एपीसी कंपनीची ३१८ खाली येते.

सगळं झाड हलवून घेऊ नका. या कार्डांचा प्रोसेसर अगदी किरकोळ असतो, हवे तेवढेच आकडे मागा.

रॅकवाला, मंगळवार संध्याकाळी ६.४५

केलं. आणि पहिल्याच दिवशी फजिती. रिपोर्टमध्ये एका पीडीयूसमोर ३४ अँपिअर, दुसऱ्यासमोर ४१. दोन्ही पीडीयू १६ अँपिअरचे! साहेबांनी मला बोलावून विचारलं, "हे अजून जळून कसे गेले नाहीत?" मी खुर्चीतून उठून थेट सर्व्हर रूमला पळालो, हाताने पीडीयू चाचपले. गारच होते.

रजिस्टर४०००१, मंगळवार संध्याकाळी ७.००

तिथे अँपिअर दहापटीत येतात. एसएनएमपीच्या पूर्णांकात दशांश चिन्ह बसत नाही, म्हणून ३.४ चे ३४. यूपीएसच्या आरएफसीतही करंट असाच येतो. एमआयबी फाइलमध्ये (एसएनएमपीच्या पत्त्यांच्या कोष्टकात) प्रत्येक आकड्यासमोर एकक लिहिलेलं असतं. स्क्रिप्ट लिहायच्या आधी ते वाचायचं. आपण कुणीच वाचत नाही, मीही नाही.

जुने पीडीयू फक्त अँपिअर देत असतील तर २३० ने गुणून त्याला वॉट म्हणू नका. ते व्हीए (नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार) झाले. पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खरे वॉट किती, ते प्रमाण) माहीत नसेल तर रिपोर्टमध्ये 'अंदाजे' असा शब्द छापा, नाहीतर साहेब तो आकडा बिलाशी ताडून बघतील. सर्व्हर नवे असतील तर रेडफिश किंवा आयपीएमआयवरून (सर्व्हरला लांबून विचारायच्या सोयी) प्रत्येक मशीनचे वॉट वेगळे मिळतात, ते जास्त कामाचे.

शेंगाचटणी, मंगळवार रात्री ८.३०

एसएनएमपीची कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) अजून 'पब्लिक' आहे का, ते बघा. आणि लिहायची परवानगी असलेली 'प्रायव्हेट' तर आजच बंद करा. पीडीयू स्विच होणारा असेल तर त्याच दाराने कुणीही आउटलेट बंद करू शकतो. एसएनएमपीचं व्हर्जन ३ असेल तर तेच वापरा, पीडीयूंचं व्हीलॅन (नेटवर्कचा कप्पा) वेगळं ठेवा. मोडबसला तर पासवर्ड हा प्रकारच नाही. टॉवेलवाले, मोबाइलवर बघता यावं म्हणून राउटरवर मोडबसचं ५०२ पोर्ट उघडू नका हं.

रॅकवाला, मंगळवार रात्री ८.४०

'पब्लिक'च होती. आत्ता बदलली. वाचनखूण साठवली.

टॉवेलवाला, पुढचा सोमवार रात्री १०.१५

प्रगती आहे पण डोकं फिरायची वेळ आलीय. दर दहा सेकंदाला पाचही मीटरचे किलोवॉट घेतो आणि त्यावरून युनिट काढतो. तीन भानगडी:

चार सब-मीटरची बेरीज मेनपेक्षा बरीच कमी येते. शेड दोन तर शेड एकच्या जवळपास तिसरा हिस्सा दाखवतं. दोन्हींत लूम सारखेच.

दुपारी चारच्या आसपास डाइंगचा मीटर मधूनमधून गप्प होतो, तेव्हा ग्राफ धाडकन शून्यावर.

गुरुवारी लाइट गेली होती. परत आल्यावरची पंचवीस मिनिटं आधीच्या आकड्यांवरच येऊन बसलीत. एकाच वेळेला दोन दोन रीडिंग!

तीनफेज, मंगळवार सकाळी ६.०५

शेड दोनचे तिन्ही फेज (आर, वाय, बी) वेगवेगळे बघ. एखादा उणे असेल.

टॉवेलवाला, मंगळवार सकाळी ९.४०

काका, वाय फेज उणे ६.८ किलोवॉट! आर आणि बी अधिक ७ च्या आसपास.

तीनफेज, मंगळवार सकाळी ९.५५

वाय फेजची सीटी उलटी बसवलीय. किंवा तिच्या एस १ आणि एस २ टोकांची अदलाबदल झालीय. दोन अधिक, एक उणे, उरला एक. तिघांऐवजी एकाचाच हिशोब, म्हणून तिसरा हिस्सा. इतके दिवस मामा प्रामाणिकपणे चुकीचा आकडा लिहीत होते. सुट्टीला शेड बंद करून इलेक्ट्रिशियनकडून सरळ करून घे. त्याच वेळी सीटीवर छापलेला रेशो मीटरमध्ये भरलेल्या रेशोशी जुळतो का बघ. २००/५ ची सीटी आणि मीटरमध्ये १००/५, हे मी कितीदा बघितलं त्याला गणती नाही.

रजिस्टर४०००१, मंगळवार सकाळी १०.३०

काकांना साष्टांग. उरलेल्या दोन भानगडी माझ्याकडे.

डाइंगची ४८५ केबल कुठल्या ट्रेमधून नेलीत? मोटरच्या केबलबरोबर असेल तर चारला तिथलं ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) सुरू होतं आणि तुमच्या सिग्नलचा चिवडा होतो. केबल बाजूला काढा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. त्याहून महत्त्वाचं, मीटरने उत्तर दिलं नाही तर शून्य लिहू नका. जागा कोरी सोडा. मामासुद्धा सुट्टीला वही कोरी सोडतात, शून्य मांडत नाहीत.

वेळेचं असं की पाय ४ पर्यंतच्या पायमध्ये घड्याळच नसतं. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट आली की पाय लगेच उठतो, शेवटची आठवलेली वेळ धरतो आणि राउटर, इंटरनेट, मग एनटीपी (नेटवरून मिळणारी बरोबर वेळ) येईपर्यंत त्याच जुन्या वेळेवर रीडिंग ठोकत बसतो. डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल बसवा किंवा पाय यूपीएसवर घ्या. मी दोन्ही केलंय.

आणि हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: किलोवॉटवरून युनिट काढूच नका. मीटरच्या आत एकूण केडब्ल्यूएचचा (युनिटचा) काउंटर असतो, जो मामा वहीत लिहितात तोच. तो वाचा आणि दोन वेळांची वजाबाकी करा. तुमचा पाय दोन तास मेला तरी काउंटर चालूच राहतो, एक युनिटही हरवत नाही. किलोवॉट फक्त ग्राफसाठी. डिमांडसाठी केव्हीएएचचा काउंटर घ्या आणि त्याचे तीस-तीस मिनिटांचे तुकडे पाडा.

शेंगाचटणी, मंगळवार सकाळी ११.००

अवांतर: पाय लूम शेडमध्ये ठेवू नका. रुई उडून उडून आठवड्यात तो बंडी घातल्यासारखा दिसेल. आणि मे महिन्यात पत्र्याखाली आपल्या सोलापुरात काय होतं ते वेगळं सांगायला नको. ८० डिग्रीला पाय आपोआप वेग कमी करतो. ऑफिसात ठेवा. एसडी कार्डावर दर दहा सेकंदाला लिहिलंत तर कार्डही फार काळ टिकायचं नाही, छोटी एसएसडी लावा.

जुळे_सोलापूरकर, मंगळवार सकाळी ११.१०

घरच्या गीझरला टॅस्मोटावालं (मोफत सॉफ्टवेअरचं) स्मार्ट प्लग लावलंय मी. दर पाच मिनिटाला आपोआप एमक्यूटीटीवर (यंत्रांच्या निरोपांच्या टपालावर) वॉट, व्होल्ट, आजचे युनिट सगळं पाठवतं. न विचारता! तुमचे मीटर लैच मानी दिसतात.

टॉवेलवाला, तीन आठवड्यांनी, रविवार रात्री ९.००

धागा वर आणतोय. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून सविस्तर लिहितो.

सीटी सरळ झाली. आता चार सब-मीटरची बेरीज आणि मेन यांत तीन टक्क्यांच्या आत फरक राहतो. केबल ट्रेमधून बाहेर काढल्यापासून डाइंगचा मीटर गप्प झालेला नाही. पाय ऑफिसच्या यूपीएसवर आहे. टेलिग्राफ, इन्फ्लक्सडीबी (आकडे साठवायला) आणि ग्राफाना (ग्राफ बघायला) बसवलं, पण खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे मी साध्या सीएसव्हीवरच काढले आणि सगळे शोध त्यातच लागले.

डिमांड. तीस मिनिटांचे तुकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावले, तर वरचे नऊच्या नऊ दुपारी साडेतीन ते पाचमधले निघाले. त्या वेळी डाइंगचा दुसरा लॉट बाहेर पडतो, हायड्रो (पाणी पिळून काढायचं मशीन) आणि ड्रायर जोडीने चालतात, वर शिलाईचं काम जोरात असतं, आणि पाणी उपसलेलं असल्यामुळे बोअरची पाच एचपीची मोटरही नेमकी तेव्हाच उठते. लूम बिचारे सकाळपासून एकाच रेषेत चाललेले. काका, तुम्ही म्हणाला होतात तसंच. आता टाकी सकाळी सातला भरून घेतो आणि हायड्रो संपल्याशिवाय ड्रायर लावत नाही. या महिन्यात आजपर्यंतचा सगळ्यात मोठा तुकडा ५८ आहे.

दुसरी गोष्ट मी शोधायला गेलोच नव्हतो. गेल्या सुट्टीचा ग्राफ बघत होतो. सगळं बंद, रेषा सपाट, फक्त डाइंगच्या मीटरवर करवतीसारखे दाते. दर चाळीस मिनिटांनी साडेचार किलोवॉट, सहा मिनिटं, मग शांत. रात्री अडीचलाही तेच. मामांना दाखवलं. त्यांनी ग्राफकडे अर्धा मिनिट बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ही बोअर आहे. टाकी कुठंतरी गळूलालीय."

गच्चीवर गेलो. ओव्हरफ्लोच्या पाइपमधून बारीक धार मागच्या नाल्यात पडत होती. सिंटेक्सच्या टाकीच्या तळाशी, त्याच पाइपला जोडलेल्या जुन्या व्हॉल्व्हचं वॉशर गेलेलं, आणि ऑटो कंट्रोलर इमानदारीने मोटर चालू करून टाकी भरत होता. हिशोब केला, दिवसाला सोळा युनिट. महिन्याला पाचशेच्या घरात. विजेचं सोडा, आपल्या गावात पाणी असं नाल्यात चाललेलं बघून वडील तिथेच खाली बसले.

तीनफेज, रविवार रात्री ९.२०

शाबास. वही बंद केलीस का?

टॉवेलवाला, रविवार रात्री ९.४५

नाही काका. मामा अजूनही आठला फिरतात. फरक एवढाच की आठ वाजून पाच मिनिटांनी पाय त्यांच्या मोबाइलवर पाच आकडे पाठवतो, वहीतल्याच क्रमाने, आणि मामा ते वहीशी ताडून बरोबरची खूण करतात. काल शिलाईच्या मीटरवर वहीत आणि पायमध्ये ८०० युनिटचा फरक आला. मी कोडमध्ये तासभर चूक शोधली. शेवटी मामांनी वही जवळ घेऊन सांगितलं, "अरे, तो ९ नाही, १ आहे."

जुळे_सोलापूरकर, रविवार रात्री ९.५०

वॉशर बदललं का बे पण?

टॉवेलवाला, रविवार रात्री ९.५२

बदललं. रेषा सपाट.